दुसऱ्या पानावरची सही

११ ऑगस्ट (तुझ्या लेकीचं पहिलं वर्ष)

चिंगे,

वर ‘अनेक आशीर्वाद’ लिहायला घेतलं आणि पेन अडलं. आई गेली तेव्हापासून अकरा वर्षं आपण एकमेकींशी एक शब्द बोललेलो नाही. आता एकदम आशीर्वाद काढले तर तुला वाटेल, ताईला काहीतरी हवंय. मला काही नकोय. हे पत्र निव्वळ माहितीसाठी आहे.

माहिती अशी की तुझी मुलगी आमच्या विभागात दाखल झाली आणि तिची फाइल माझ्याकडे आली. मी मागून घेतलेली नाही. बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला एकशेदहा पोरं, सल्लागार आम्ही तिघं, आणि वाटणी आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून होते. तुझ्या नवऱ्याचं आडनाव माझ्या वाट्याला येतं, त्याला मी काय करू?

ती आली तेव्हा मी मान खाली घालून आधीच्या मुलाचा तक्ता भरत होते. “आत येऊ का, मॅडम?” हे ऐकलं आणि हातातला शिक्का तिरका पडला. तुझा आवाज, अठरा वर्षांचा. वर बघितलं तर नाक आपल्या बाबांचं. ती दारातच थांबली. म्हणाली, “तुम्ही... तू मावशी ना? आईच्या कपाटात तुझा फोटो आहे.”

तुझ्या कपाटात माझा फोटो कशाला? असो.

मी तिला सगळ्यांना सांगते तेच सांगितलं. चार वर्षं, एकशे अठ्ठावीस क्रेडिट, तक्त्यात चार रकाने. गणित-विज्ञानाचा पहिला, इंजिनिअरिंगच्या मूळ विषयांचा दुसरा, निवडलेल्या शाखेच्या पर्यायी विषयांचा तिसरा आणि बाहेरच्या मनपसंत विषयांचा चौथा. गणित झाल्याशिवाय सिग्नल नाही, सिग्नल झाल्याशिवाय उपकरणं नाहीत, आणि शरीरशास्त्राची प्रयोगशाळा एकदा चुकवली की पुढे सगळीकडे घोडं पेंड खातं. एका रकान्यातलं जास्तीचं दुसऱ्या रकान्यात ओतता येत नाही. हे शेवटचं वाक्य मी वर्षातून तीनशे वेळा म्हणते. तरी दर वर्षी कुणीतरी रडत येतंच.

तिने सगळं वहीत उतरवून घेतलं, पेनाचं टोपण चावत. ही सवय कुठून आली ते सांगायला नको. उठताना म्हणाली, “आईला विचारून सांगते.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बावीस वर्षं मी या इमारतीत घासतेय. सगळे नियम, त्यांच्या दुरुस्त्या आणि दुरुस्त्यांच्या दुरुस्त्या मला तोंडपाठ आहेत. आणि ही म्हणते आईला विचारते. आई गुडघे बनवते. छान बनवते, मान्य. पण कृत्रिम गुडघे बनवणारीला आमच्या तक्त्यातलं काय कळतं?

आणखी एक. विभागाने बाहेरच्या भिंतीवर नाव काढलेल्या माजी विद्यार्थ्यांचे फोटो लावलेत. तुझा नेमका माझ्या दारासमोर. हातात गुडघा आणि चेहऱ्यावर ते तुझं ‘मी काय केलं गं’ असं हसू. पाच वर्षांपूर्वी तो लागला तेव्हा मी रीतसर अर्ज करून तिथे सूचनाफलक मागवला. फलक आला, पण चार बोटं कमी पडला. आता तू त्याच्यावरून डोकावतेस, नुसतं कपाळ आणि डोळे. मुलीने ते पाहिलं आणि पोट धरून हसली. तुला सांगितलं असेलच तिने.

मुलगी ठीक आहे. जेवते. उत्तराची गरज नाही.

ताई


२ फेब्रुवारी (तिचं दुसरं वर्ष)

चिंगे,

दीड वर्षाने उत्तर आलं, तेही लेकीच्या तोंडी. “आई म्हणाली, मावशीला सांग, पत्र वाचून बरं वाटलं.” बरं वाटलं! हवामानखातंसुद्धा याहून जास्त बोलतं.

पण मी पत्र लिहितेय ते तक्रारीसाठी नाही. तुझी लेक दर गुरुवारी दुपारी डबा घेऊन माझ्या खोलीत येते, हे तुला माहीत आहे का ते बघायचं होतं. सल्ल्यासाठी नाही, नुसतीच येते. स्टुलावर पाय घेऊन बसते आणि बडबडते. सर्किटची प्रयोगशाळा आणि गणिताची परीक्षा एकाच वेळी आली होती, ती मी हलवून घेतली. इतर पोरांसाठी मी एवढं करत नाही, हेही लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको.

गुरुवार मला आवडायला लागले आहेत. सकाळपासून मी टेबल आवरते.

आणि मग तुझा फोन येतो. ती डबा तसाच टाकून बाहेर जाते आणि बरोबर तुझ्या फोटोखाली उभी राहून तुझ्याशी बोलते. मी दार थोडं उघडं ठेवते. वारा यावा म्हणून, असं मी स्वतःला सांगते. ती तुझ्याशी जशी हसते तशी माझ्याशी हसत नाही. माझ्याशी ती नीट वागते. तुझ्याशी भांडते, चिडते, मध्येच “आई, तू गप गं” म्हणते. मला कुणी गप म्हणावं असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, त्या दिवशी वाटलं.

परत येऊन ती तुझंच सांगत बसते. आईने लहान मुलांसाठी वाढवता येणारा गुडघा कसा केला, आई चाल ओळखायला दिवसभर लोकांच्या चपलांचे झिजलेले तळ कशी बघते. मी मान डोलावते. पोटात दुखतं ते दुखतंच.

कानामागून आली आणि तिखट झाली, असं आई तुला लाडाने म्हणायची. मी तुझ्याआधी दोन वर्षं या विभागात आले. कृत्रिम अवयवांच्या कार्यशाळेत एकच जागा होती आणि त्यासाठी मी शेवटच्या वर्षभर मरमर केली. ती मिळाली दुसऱ्या वर्षाच्या चिंगीला. ते एक वेळ सोडून देऊ. पण माझा बदली-विषयाचा अर्ज? एका विषयाच्या जागी दुसरा विषय धरावा एवढाच तो अर्ज, त्याच्यावर माझी पदवी लटकलेली. माझी तोंडी परीक्षा होती म्हणून सकाळी तुझ्या हातात दिला होता, पाचच्या आत पोचवायला. तो अडकला. तू दुसऱ्या दिवशी खाली मान घालून म्हणालीस, “माझंच चुकलं, ताई. उशीर झाला.” बस, एवढंच. मला वाटलं, जागा मिळाल्याच्या आनंदात बाईसाहेब अर्ज विसरल्या.

एक सत्र पुन्हा बसले असते तर पदवी मिळाली असती, हे खरं आहे. रागाने बसले नाही. ‘एका सत्रापुरती’ म्हणून या कार्यालयात चिकटले, बाहेरून कामापुरती दुसरीच पदवी घेतली आणि आता पोरांना सांगते, बाळांनो, अर्ज वेळेवर द्या.

शिळ्या कढीला ऊत आणायचा नव्हता. आला.

ताई


२६ ऑगस्ट (तिचं तिसरं वर्ष)

चिंगे,

आज विषय निवडायचा दिवस होता. सकाळपासून दारात रांग. एका पोराने तीन प्रयोगशाळा एकाच दिवशी घेतल्या होत्या, एकीला मेंदूचं सगळं शिकायचं होतं पण गणित अजिबात नको होतं.

तुझी लेक अकरा वाजता आली. यादी तयार होती. कृत्रिम अवयवांची शाखा, म्हणजे तुझीच. तिसऱ्या रकान्यात तीन पर्यायी विषय लागतात. दोन तिने स्वतः नीट निवडले होते. तिसऱ्या जागी फिजिओथेरपी विभागाचा ‘चालीचा अभ्यास’.

मी म्हटलं, “हा का?”

“आई म्हणाली डोळे मिटून घे. तिने स्वतः घेतला होता. माणूस चालतो कसा ते तिथेच कळलं म्हणाली, बाकी सगळं यंत्र आहे.”

“मला विचारायचं नाही का आधी?”

“अगं मावशी, तुला काय विचारायचं? तू नियम सांगतेस. विषय कुठला चांगला ते आईला माहीत.”

ती हे अगदी सहज म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. तू लहानपणी माझी बाहुली उचलून न्यायचीस, तेव्हा तुझ्याही मनात काही नसायचं.

मी तिच्या कागदावर सही केली. नोंदवहीत लिहिलं: ‘विद्यार्थिनीने आईशी बोलून विषय ठरवले.’ ते खरंच आहे.

विषय चांगला आहे, यात वाद नाही. तुला त्याचा फायदा झाला, तिलाही होईल. विषय बदलायला अजून दहा दिवस मुदत आहे. गुरुवारी ती येईल तेव्हा सगळा तक्ता पुन्हा बघून घेईन म्हणते.

हे पत्र उद्या टाकते.

ताई


९ एप्रिल (तिचं चौथं वर्ष)

चिंगे,

मागचं पत्र टाकलं नाही. खणात आहे. आज ते काढून वाचलं आणि माझ्याच अक्षराची मला शिसारी आली. त्यात एक गोष्ट लिहायची राहिली आहे. राहिली म्हणजे मी लिहिली नाही.

तू शिकत होतीस तेव्हा ‘चालीचा अभ्यास’ तिसऱ्या रकान्यात धरत. तुझी लेक यायच्या दोनच वर्षं आधी नियम बदलला. आता तिसऱ्या रकान्यात फक्त इंजिनिअरिंगच्या विभागांचे विषय चालतात. फिजिओथेरपीचा विषय चौथ्यात जातो, आणि तिचा चौथा रकाना संगीत आणि मानसशास्त्राने केव्हाच भरला होता. म्हणजे तिने तीन क्रेडिट कमावले आणि ते कुठेच बसत नाहीत. हे नव्या सल्लागाराच्या नजरेतून सुटलं असतं. माझ्या सुटलं नाही. यादी हातात घेतल्यावर शिंक यावी इतक्या वेळात मला दिसलं.

आणि मी मूग गिळून बसले.

तेव्हा मला काय वाटत होतं ते सांगते. मला वाटलं, एकदा तरी चिंगी चुकू दे. एकदा तरी या पोरीला कळू दे की आईला सगळं येत नाही. फार नाही, दहा दिवस. मग गुरुवारी मी सांगेन, ती म्हणेल “बापरे मावशी, तू होतीस म्हणून वाचले,” आणि फोनवर तुलाही सांगेल. एवढंच हवं होतं. गुरुवारी ती आली, पण तुझा फोन आला आणि ती अर्धा तास फोटोखाली उभी राहून हसत होती. मी सांगितलं नाही. पुढच्या गुरुवारी मुदत संपली होती. त्यानंतर सांगायचं म्हणजे ‘आधी का नाही सांगितलं’ हेही सांगावं लागलं असतं. शेवटच्या सत्राच्या सुरुवातीला आम्ही सगळ्यांचे तक्ते तपासतो. मी माझ्या सदतीस पोरांपैकी छत्तीस जणांचे तपासले.

काल परीक्षा विभागाकडून यादी आली. ‘पदवीस अपात्र: तिसऱ्या रकान्यात तीन क्रेडिट कमी.’ त्या रकान्यातला कुठलाही विषय आता थेट जानेवारीत आहे. लहान मुलांच्या हॉस्पिटलातल्या अवयव-कार्यशाळेत तिला एक जुलैपासून बोलावलंय, ते तुला माहीतच आहे. पदवी हातात असेल तर. नसेल तर जागा पुढच्याला.

ती माझ्या खोलीत आली आणि स्टुलावर बसून रडली. मग म्हणाली, “मी आईला फोन केला. तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, तुझ्यामुळे माझं वर्ष गेलं.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, हो गं, माझंच चुकलं. मी जुन्या काळातलं सांगितलं.”

तू एकदाही विचारलं नाहीस, की मग तुझी मावशी तिथे बसून काय करत होती? तिची सही आहे ना कागदावर? तुला सुचलं नसेल असं मी समजू शकत नाही. तू काही एवढी भोळी नाहीस.

मग ती उठली आणि माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, “मावशी, तूच बरी. तू निदान नियमाने बोलतेस.”

चार वर्षं मला जे हवं होतं ते मिळालं, चिंगे. तुझी लेक तुझ्यावर रागावून माझ्या गळ्यात पडली. मला तिच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवता येईना.

दुपारी विभागप्रमुखांकडे गेले. पोरं त्यांना कलमराव म्हणतात, कारण ते ‘नमस्कार’सुद्धा कुठल्या कलमाखाली करायचा ते बघतात. त्यांनी माझी नोंद वाचली. “आईशी बोलून ठरवले. म्हणजे चूक आईची. आईच्या चुकीला आपल्याकडे कलम नाही, बाई. सल्लागाराची चूक असती तर बदली-विषयाचा अर्ज करता आला असता.” आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “तुमची तर नाही ना?”

मी म्हटलं, “बघते.”

बघते म्हणाले. अजून बघतेच आहे. गुरुवारी पाचला अर्जाची मुदत संपते.

ताई


१५ एप्रिल, गुरुवार

चिंगे,

मागची दोन पत्रं टाकली नव्हती. सोबत ठेवली आहेत. ती आधी वाच, रागाव, मग हे घे.

सोमवारी मी तुझ्या लेकीला बोलावलं आणि सांगितलं. दार लावून, समोर बसवून. फिरवून फिरवून सांगायचं ठरवलं होतं, पण तोंडातून सरळच निघालं.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“पहिल्या दिवसापासून?”

“हो.”

“मग का, मावशी?”

मी म्हटलं, “तू सगळं आईला विचारायचीस म्हणून.”

तिने माझ्याकडे असं बघितलं जसं एखादा ओळखीचा माणूस दुसराच निघावा. मग मागच्या गुरुवारचा तिचा रिकामा डबा माझ्या खिडकीत होता, तो उचलून निघून गेली. रागावलीसुद्धा नाही. तुझ्यावर रागावते.

मी अर्ज लिहायला घेतला. तोच जुना अर्ज आहे, दोन पानांचा, कागद तेवढा पांढरा झालाय. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: ‘सल्लागाराने नियम माहीत असूनही जाणूनबुजून सांगितला नाही.’ बुधवारी कलमरावांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

“बाई, ‘चूक’ लिहा. चुकीला कलम आहे. जाणूनबुजूनला नाही. असा अर्ज समितीपुढे गेला तर तुमची चौकशी लागेल आणि ती संपेपर्यंत मुलीचं काही होणार नाही.”

“पण ती चूक नव्हती.”

“ते तुम्ही ज्याला सांगायचं त्याला सांगा. कागदावर मुलीचं काम होऊ द्या.”

म्हणून नव्या कागदावर लिहिलं, ‘सल्लागाराची चूक.’ म्हणजे खरं बोलायला गेले तरी कागदावर खोटंच उतरलं, आणि तेही माझ्या सोयीचं. खरं सांगायला हे पत्र तेवढं उरलं.

आज साडेतीनला अर्ज नेऊन द्यायला उठले, शेवटची नजर टाकली, आणि दुसरं पान बघितलं. ‘विद्यार्थ्याची सही.’ कोरं. माझ्या गडबडीत तिची सही घ्यायचीच राहिली होती. चिंगे, माझा अर्ज अडकला होता तोही याच पानामुळे. पण ते पुढे सांगते.

मुलींच्या वसतिगृहात दुसऱ्या मजल्यावर टोकाला तिची खोली. दार वाजवलं. आतून खुर्ची करकरली आणि एकदम थांबली. आत कुणीतरी श्वास धरून बसलंय हे बाहेरून कळतं. मला वाटायचं, कळत नसेल.

मी म्हटलं, “महत्त्वाचं आहे गं, उघड.” काही नाही. आणि मग मला आठवलं, हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे. दाराच्या दुसऱ्या बाजूने.

त्या दिवशी तोंडी परीक्षा देऊन मी बाहेर पडले आणि कळलं की कार्यशाळेची जागा तुला मिळाली. मी खोलीत जाऊन आतून कडी घातली. थोड्या वेळाने तू आलीस. “ताई, उघड ना. महत्त्वाचं आहे. ताई, पाच वाजायला आलेत.” मला वाटलं, आनंदाची बातमी द्यायला आलीस. मला तुझं तोंड बघायचं नव्हतं. मी खुर्चीत बसून राहिले. तू किती वेळ वाजवत होतीस ते मी मोजलं नाही, पण शेवटी तू हाताने वाजवायची थांबलीस आणि दाराला कपाळ लावून उभी राहिलीस. ते मला फळीतल्या बारीक चिरेतून दिसत होतं.

तू कशाला आली होतीस ते मला नंतर कळलं. नऊ वर्षांपूर्वी, तुझा फोटो भिंतीवर लागला त्याच वर्षी, जुन्या फायली संगणकावर चढवायचं काम माझ्याकडे आलं. माझी फाइल मीच उघडली. अर्ज होता. शिक्का दुपारी तीनचा. आणि खाली तेव्हाच्या मोठ्या क्लार्कांच्या, आपल्या शिक्केमामांच्या अक्षरात: ‘दुसऱ्या पानावर विद्यार्थिनीची सही नाही. पान बहिणीसोबत सहीसाठी पाठवले. पाच वाजता बहिणीने पान तसेच परत आणले. फार रडत होती.’

म्हणजे सही करायची मी विसरले होते. अर्ज तू दोन तास आधी पोचवला होतास. आणि दार मी उघडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, “माझंच चुकलं.” का गं? मी मोडेन असं वाटलं? तू तेव्हा वीस वर्षांची होतीस. एवढी अक्कल तुला कुठून आली, आणि मला का नाही आली, यावर मी नऊ वर्षं जळतेय. हो, तेव्हाही मला तुझा हेवाच वाटला. आधी गुणांचा वाटायचा, जागेचा वाटायचा, नवऱ्याचा वाटायचा. फाइल वाचल्यावर तुझ्या गप्प बसण्याचा वाटायला लागला. तुला पत्र लिहून क्षमा मागायची, तर मी त्या आठवड्यात सूचनाफलकाचा अर्ज केला. आणि दोन वर्षांपूर्वी तुला त्या अर्जाबद्दल लिहिलं, तेव्हाही हे माहीत असून गाळलं.

आज दारापाशी मला एकच गोष्ट तुझ्यापेक्षा जास्त माहीत होती. आत बसलेल्या माणसाला ‘महत्त्वाचं’ म्हटलं की त्याला वाटतं, बाहेरच्याला स्वतःचंच काहीतरी सांगायचंय. म्हणून मी म्हटलं, “दार उघडू नकोस. माझं तोंड बघू नकोस. दुसऱ्या पानावर तुझी सही राहिली आहे. पाचला मुदत आहे. पान खालून सरकवते.”

आमच्या जुन्या वसतिगृहात दाराला उंबरा होता, तुला ते करता आलं नसतं. इथे दाराखाली फट आहे. पान आत गेलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. घड्याळ बघितलं नाही. बघवत नव्हतं.

पान परत आलं. सही होती. दुसरा एक शब्दही नाही. दार उघडलं नाही.

अठ्ठेचाळीस वर्षांची बाई जिन्यावरून धावते हे बघून पोरी बाजूला झाल्या. पाचला दहा कमी असताना अर्जावर शिक्का पडला. कलमरावांनी तिथल्या तिथे ‘मंजूर’ लिहिलं. ‘चालीचा अभ्यास’ तिसऱ्या रकान्यात धरला. तुझा सल्ला बरोबर होता, चिंगे. तुझी लेक एक जुलैला कामावर जाईल.

‘सल्लागाराची चूक’ नोंदली गेली की सल्ल्याचं काम काढून घेतात. जुलैपासून मी तळघरात, जुन्या फायलींत. मला नव्या पोरांपेक्षा जुने कागद बरे, असं सगळ्यांना सांगतेय. तुला सांगते, वाईट वाटतंय.

आज गुरुवार. ती आली नाही. ती सुटीला तुझ्याकडे येईल, तुम्ही दोघी माझ्याबद्दल बोलाल, आणि मग माझ्याशिवाय दुसऱ्या कशावर तरी हसाल. हे लिहितानाही पोटात दुखतंय. सूचनाफलक अजून तिथेच आहे. एका आठवड्यात मला एवढं चांगलं व्हायला जमत नाही.

सोबत एक कागद आहे. माझ्या त्या जुन्या अर्जाचं दुसरं पान, फाइलमधून काढलेलं. काढायची परवानगी नाही, पण जुलैपासून त्या फायली माझ्याच ताब्यात आहेत. ‘विद्यार्थ्याची सही’ इथे मी आज सही केली आहे. तारीख आजचीच टाकली, मागची टाकली नाही. त्याच्याखाली लिहून दिलंय, की हे पान माझ्या बहिणीने वेळेत आणलं होतं आणि मी आत होते.

मिळाल्याची पोच दे.

ताई